नांग्यातला उजेड

परवा रात्री पावणेदोनला मी दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर सरकवून आत शिरलो. मोबाईलच्या उजेडात मांडणीवरून बोरॉनचं एक पाकीट काढलं, फुटक्या पोत्यातून मूठभर युरिया घेतला आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून नुसता बघत बसलो. तेवढ्यात घरून फोन. "दुकानात चोर शिरलाय का तुम्ही शिरलाव?" मी म्हटलं, मीच. "मग काय करायलाव एवढ्या रात्री?" आता याला काय उत्तर द्यायचं? हिशेब राहिला होता म्हणालो. बावीस वर्षं ज्या दोन वस्तू विकल्या त्या मी कधी बघितल्याच नव्हत्या, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

रेणापुरात माझं कृषी सेवा केंद्र आहे. रसायनशास्त्राची साधी बी.एस्सी. होती, त्यावर खताचा परवाना मिळाला, तेवढाच माझा आणि विज्ञानाचा संबंध उरला. बाकी सोयाबीन, तूर, हरभरा, ऊस, आणि जूनमध्ये युरिया आहे का, आहे का, आहे का. या शांत पाण्यात दगड टाकला माझ्या भाचीनं. ती नांदेडला, विष्णुपुरीच्या विद्यापीठात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. परीक्षा संपवून चार दिवस आली होती आणि गर्दी म्हणून काउंटरवर मदतीला बसली होती. मी पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरली. नंबर आणि तंतू चमकले, खरी आहे म्हणून गल्ल्यात टाकली.

"मामा, आत्ता ती नोट काय करत होती माहितेय का?"

"काय करणार? चमकत होती."

"दिव्यातला न दिसणारा प्रकाश गिळून दिसणारा बाहेर टाकत होती. आम्ही एक वाचतोय त्यात याच्या उलट आहे. हिरवा प्रकाश गिळते आणि न दिसणारा, लालच्या पलीकडचा टाकते. आणि तिच्याजवळ चुंबक आलं की किती टाकायचा त्यात बदल होतो."

"कोण टाकते?"

"रिकामी जागा."

मी म्हटलं, रिकामी जागा चमकते? ती म्हणाली, हो. पुढचं गिऱ्हाईक काय म्हणालं ते मला ऐकूच आलं नाही. काही नसलेल्या ठिकाणाहून उजेड येतो! मग त्या दिवसापासून आजपर्यंत, साधारण तीन आठवडे, मी दुसरा विषय बोललेलो नाही. घरचे कंटाळलेत. तुम्ही सापडलात, ऐका.

त्या पदार्थाचं नाव हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड. लांबलचक आहे, पण पोळं डोळ्यांसमोर आणा. मधमाशीचं. षटकोनाला षटकोन चिकटलेले, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एक आड एक बोरॉन, नायट्रोजन, बोरॉन, नायट्रोजन. प्रत्येक बोरॉनला तीन नायट्रोजन शेजारी, प्रत्येक नायट्रोजनला तीन बोरॉन. असा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. थरातली पकड पोलादी, पण थराथरांमधली इतकी ढिली की एकावरून दुसरा सहज घसरतो. म्हणूनच ही पांढरी पूड वंगण म्हणून वापरतात, चेहऱ्याला लावायच्या मेकअपमध्येही घालतात. एका मिलिमीटरच्या जाडीत असे साधारण तीस लाख थर बसतात. तीस लाख! आणि त्यातला एकच थर वेगळा काढता येतो.

कसा काढतात हे भाचीनं काउंटरवरच दाखवलं. माझी हिशेबाची पेन्सिल घेतली, सेलोटेपच्या चिकट बाजूवर शिसं घासलं, टेप दुमडून चिकटवली, फाडली, पुन्हा दुमडली, पुन्हा फाडली. काळा डाग दर वेळी फिका होत गेला. आठव्या-नवव्या वेळी करडी धूळ तेवढी राहिली. "ही धूळ काचेवर उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचं, नशीब असेल तर एक थर मिळतो." २००४ साली मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह यांनी याच चिकटपट्टीच्या युक्तीनं ग्राफिन वेगळं काढलं आणि २०१० चं नोबेल नेलं. बोरॉन नायट्राइडचे पापुद्रेही असेच सोलतात. दहा-वीस रुपयांच्या सेलोटेपवर नोबेल! मी ती टेप फेकली नाही, पावतीपुस्तकात चिकटवून ठेवलीय.

आता मुद्द्याचं. बोरॉन आणि नायट्रोजन. अहो, माझं अख्खं दुकान त्याच दोन नावांवर चालतं! युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या पोत्यावर छापलेलं असतं, नायट्रोजन ४६ टक्के. फुलगळीला आम्ही फवारायला देतो ते बोरॉन २० टक्के. आणि १७ टक्क्यांचं जे पाकीट येतं ते म्हणजे सरळ बोरिक ॲसिड. तेच, जे आम्ही लहानपणी कॅरमवर ओतायचो, सोंगटी सटकावी म्हणून. (ती सटकते कारण बोरिक ॲसिडचेही थरच असतात, घसरणारे. चाळीस वर्षं कॅरम खेळून हे आत्ता कळलं.)

आणि इथं मी खुर्चीतून उठलो ते सांगतो. २०१० साली बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रात सी. एन. आर. राव यांच्या गटानं बोरॉन नायट्राइडचे पातळ पापुद्रे बनवले. कशापासून? बोरिक ॲसिड आणि युरिया! दोन्हींचं मिश्रण नायट्रोजन वायूत ९०० अंशांच्या आसपास तापवायचं, बस. आणि गंमत अशी की युरियाचं प्रमाण वाढवत नेलं तसे थर कमी होत गेले. भरपूर युरिया घातला तेव्हा बहुतेक पापुद्रे एक ते चार थरांचे निघाले. युरिया जास्त झाला की काय बिघडतं हे सांगण्यात माझा जन्म गेला. आणि इथं जास्त युरियानं माल झकास होतोय.

या कामावरच्या निबंधाखालच्या सहा नावांत एक नाव उमेश वाघमारे. आपल्या नांदेड-लातूरच्या प्रत्येक गावात सापडणारं आडनाव जगातल्या पहिल्या रांगेतल्या नियतकालिकात बघून मी भाचीला रात्री अकराला फोन केला. वाघमारे मुंबईच्या आयआयटीतून शिकले, पुढे येलला गेले. संगणकावर अणूंचं गणित मांडून पदार्थ कसा वागेल ते आधीच सांगणं हे त्यांचं काम. २०१५ चं इन्फोसिस पारितोषिकही त्यांना मिळालं. निबंधावरचं पहिलं नाव अंगशुमान नाग, ते आता पुण्याच्या आयसरमध्ये प्राध्यापक आहेत. म्हणजे पोतं रेणापुरात, आणि त्याचं असं सोनं करणारा माणूस पुण्यात, साडेतीनशे किलोमीटरच्या आत. (घरी करून बघू नका. नऊशे अंश चुलीवर होत नाहीत आणि युरिया तापला की अमोनियानं डोळे जातील.)

पण पापुद्रा हे नुसतं शेत झालं. आता नांगा.

खत-बियाण्याच्या धंद्यात नसणाऱ्यांसाठी सांगतो. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी ओळीत जिथं बी उगवलेलं नसतं, तो नांगा. मग माणसं लावून ते नांगे भरायचे. आणि उगवण विरळ झाली की शेतकरी पहिला कोणाकडे येणार? माझ्याकडे. "मालक, नांगेच नांगे पडलेत." बावीस जूनमहिने मी या एका शब्दाला भिऊन काढलेत.

बोरॉन नायट्राइडच्या ओळीतही नांगे पडतात. एखादा बोरॉन जागेवर नसतो. त्याच्या तिन्ही नायट्रोजन शेजाऱ्यांचे हात मोकळे लटकतात. त्यात बाहेरून एक जादा इलेक्ट्रॉन येऊन बसला की त्या खड्ड्याला ऋणभार येतो आणि दोन इलेक्ट्रॉन जोडीविना उरतात. इलेक्ट्रॉन म्हणजे इवलंसं चुंबक. त्या चुंबकपणालाच स्पिन म्हणतात. नाव भोवऱ्यासारखं आहे पण तो खरा गरगरत नाही, या एका वाक्यासाठी भाचीनं माझे दोन तास घेतले आणि मला ते अजून नीटसं पटलेलं नाही. असो. दोन बिनजोडीचे मिळून त्या खड्ड्याच्या तीन अवस्था होतात: शून्य, अधिक एक, उणे एक.

आता जादू. हिरवा लेसर टाकला की खड्डा चमकतो, साधारण ८५० नॅनोमीटरला, डोळ्याला न दिसणाऱ्या पट्ट्यात. शून्य अवस्थेत असेल तर जास्त चमकतो, अधिक-उणे एकमध्ये असेल तर कमी! का? खाली परत यायला दोन रस्ते. एक डांबरी, उजेड टाकत येणारा. दुसरा आडरस्ता, जवळजवळ अंधारातून येणारा. अधिक-उणे एकवाले आडरस्त्याला जास्त वळतात, म्हणून कमी दिसतात. आणि आडरस्त्यानं येणारे बहुतेक शून्यातच येऊन पोचतात. म्हणजे नुसता उजेड टाकत राहिलं तरी सगळी मंडळी हळूहळू शून्याच्या रांगेत. चुंबकाची अवस्था तुम्हाला डोळ्यांनी, म्हणजे कॅमेऱ्यानं, वाचता येते. उजेड कमी का जास्त, एवढंच बघायचं! यालाच उजेडाला प्रतिसाद देणारा स्पिन डिफेक्ट म्हणतात, आणि हे शब्द आता माझ्या तोंडी इतके बसलेत की काल एका गिऱ्हाइकाला मी कीटकनाशकाऐवजी तेच म्हणालो.

न दिसणारा उजेड कॅमेऱ्याला कसा दिसतो, असं मीही विचारलं. भाचीनं टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. रिमोटच्या टोकाला पडद्यावर जांभळट ठिणगी, नुसत्या डोळ्याला काहीच नाही! तुम्ही आत्ता करून बघा. मी घरातले तिन्ही रिमोट तपासले, एसीचा धरून.

आणि शून्यातून एककडे ढकलायचं कसं? रेडिओलहरींनी. नेमक्या ३.४८ गिगाहर्ट्झच्या आसपास लहर सोडली की उजेड एकदम पडतो, आलेखात खड्डा दिसतो. हा आकडा मला कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला. शोधलं. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात ५जीसाठी जो मुख्य पट्टा विकला गेला तो ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा. बरोब्बर मधोमध! माझ्या दुकानाच्या मागे टॉवर आहे. प्रयोगशाळेत त्या नांग्याला ज्या सुरात हाक मारतात, त्याच्या आसपासच्या सुरात रेणापूरची पोरं रात्रभर रील बघतात. मी गच्चीवर जाऊन टॉवरकडे बघत उभा राहिलो, तेव्हा मात्र घरच्यांना खरीच काळजी वाटली.

मग चुंबक जवळ आणायचं. अधिक एक आणि उणे एक आतापर्यंत जवळजवळ गळ्यात गळा घालून होते, ते वेगळे होतात. एका गॉसला २.८ मेगाहर्ट्झ या हिशेबानं एक वर सरकतो, एक खाली. फ्रिजवरचं पन्नास गॉसचं चुंबक पापुद्र्यासमोर सरळ धरलं तर आलेखातला एक खड्डा १४० वर, दुसरा १४० खाली. म्हणजे खड्डा कुठं सरकला ते मोजा, चुंबक किती ते कळलं. मोजपट्टी कशाची? नसलेल्या अणूची! तापमान बदललं तरी तो आकडा सरकतो, अंशाला सुमारे अर्धा-पाऊण मेगाहर्ट्झ. दाब दिला तरी सरकतो. आणि हे सगळं खोलीच्या तापमानात. शून्याखाली अडीचशे-पावणेतीनशे अंश थंड करा, हेलियम ओता, तसलं काही नाही.

हे पहिल्यांदा स्वच्छ दाखवलं ते २०२० साली, जर्मनीच्या व्युर्त्सबुर्गमध्ये आंद्रेआस गॉटशोल आणि व्लादिमिर द्याकोनोव्ह यांच्या गटानं, सिडनीच्या सहकाऱ्यांबरोबर. व्युर्त्सबुर्ग म्हणजे तेच गाव जिथं १८९५ मध्ये रोंटगेनला अंधाऱ्या खोलीत एक पडदा आपोआप चमकताना दिसला आणि क्ष-किरण सापडले. काही गावांना चमकण्याचं वरदान असावं. सिडनीवाल्यांनी त्याआधीच याच पदार्थातून एका वेळी एकच प्रकाशकण सोडणाऱ्या जागा दाखवल्या होत्या. आणि हे नांगे आपोआप पडायची वाट कोणी बघत नाही, मुद्दाम पाडतात! आयनांचा मारा करतात, नाहीतर अणुभट्टीत न्यूट्रॉनखाली ठेवतात. निसर्गातल्या पाच बोरॉनपैकी एक बोरॉन-१० असतो, त्याला न्यूट्रॉन गिळायची भारी हौस, गिळला की फुटतो आणि आजूबाजूला खड्डे करतो. म्हणजे माझ्या वीस टक्केवाल्या पाकिटातही पाचातला एक हावरा.

उत्तम शेत, म्हणजे निर्दोष स्फटिक, मात्र बहुतेकांना एकाच घरातून लागतं. जपानात त्सुकुबाला ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे हे दोघं प्रचंड दाबाच्या यंत्रात बोरॉन नायट्राइडचे स्फटिक पिकवतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवतात. त्यामुळे हजारो निबंधांवर या दोघांची नावं. बियाण्याच्या धंद्यात असा पुरवठादार मिळाला असता तर!

रात्री वाचता वाचता मी हिऱ्याकडे घसरलो, कारण या सगळ्याचा थोरला भाऊ हिरा. हिऱ्यातही असाच खड्डा असतो, शेजारी एक नायट्रोजन घुसलेला. तो २.८७ गिगाहर्ट्झला ओ देतो. आणि हिऱ्यावरून मी थेट ॲना मणींवर पोचलो. १९४० च्या दशकात बंगळुरूला रामन यांच्या प्रयोगशाळेत या बाईंनी तीसहून अधिक हिऱ्यांची चमक नोंदवली. उजेड इतका मंद की एका फोटोप्लेटला पंधरा-वीस तास लागायचे. त्या तिथंच झोपायच्या. एवढं करून, एम.एस्सी. नाही या कारणावर पीएच.डी. मिळाली नाही ती नाहीच. पुढं १९४८ पासून त्या पुण्याच्या वेधशाळेत, देशाची हवामान उपकरणं घडवत. आपण टीव्हीवर पावसाचा अंदाज ऐकतो त्यामागं ही बाई, एवढंच मला ठाऊक होतं. हिऱ्यातला निळा उजेड बहुतेक वेळा त्यात घुसलेल्या नायट्रोजनचा असतो हे नंतर स्पष्ट झालं. रात्र रात्र प्लेटसमोर बसून त्या खोडीच वाचत होत्या.

आज हिऱ्याचं हे काम मुंबईत पवईला चालतं. आयआयटीत कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या या जागांनी चुंबकीय क्षेत्राची चित्रं काढतो. २०२४ मध्ये टीसीएसबरोबर त्यांनी चिपच्या आतले प्रवाह चिप न फोडता बघणारं उपकरण बनवायचं ठरवलं. राष्ट्रीय क्वांटम मिशन, २०२३ साली मंजूर झालेलं सहा हजार कोटींचं, त्यात संवेदनाचं, म्हणजे असं बारीक मोजण्याचं केंद्र मुंबईच्या आयआयटीलाच दिलंय. लातूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई!

मग हिरा असताना पापुद्रा कशाला? हाच प्रश्न मी विचारला आणि स्वतःवर खूश झालो. उत्तर अंतरात आहे. इवल्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनानं पडतं, अंतर निम्मं केलं तर आठपट जोर. हिऱ्यातली जागा पृष्ठभागाच्या फार जवळ आली की तिचं तंत्र बिघडतं, तिला थोडं खोलच ठेवावं लागतं. पापुद्रा मात्र चपातीवर तूप पसरावं तसा वस्तूवर अंथरता येतो, नांगा जवळजवळ वस्तूला टेकलेला.

खोट नाही असं नाही. बोरॉनचा नांगा फार मंद चमकतो, हजारोंच्या घोळक्यानं काम करून घ्यावं लागतं. शिवाय शेजारचे तिन्ही नायट्रोजन स्वतःच छोटी चुंबकं, त्यांच्या कुजबुजीनं आलेखातल्या एका खड्ड्याचे सात दात होतात, दोन दातांत ४७ मेगाहर्ट्झचं अंतर. पृथ्वीचं आपल्याकडचं क्षेत्र ०.४ गॉसच्या आसपास, म्हणजे सरक जेमतेम एक मेगाहर्ट्झची. त्या दातांत ती कुठं हरवेल कळायचं नाही. थोडक्यात, उत्तर दिशा शोधायला जत्रेतलं होकायंत्रच बरं. पण २०२४ मध्ये केंब्रिजहून हॅना स्टर्न आणि सहकाऱ्यांनी याच पदार्थातली दुसरी एक जागा दाखवली, कार्बनशी नातं सांगणारी. ती एकेकटी वाचता येते आणि खोलीच्या तापमानात तिचं स्पिन मायक्रोसेकंदभर आपली चाल टिकवून धरतं. मी म्हटलं, एवढंच? भाची म्हणाली, मामा, त्यांच्या जगात तो अख्खा खरीप हंगाम असतो.

ती केव्हाच नांदेडला परत गेली. काल सकाळी पानगावकडचं एक गिऱ्हाईक आलं. मोबाईलवर शेताचा फोटो, मान तिरकी, मला सवयीनं पोटात गोळा. "बघा मालक, बघा तुमचं बियाणं." मी फोटो बोटांनी मोठा केला. काळ्या रानात हिरव्या ओळी, आणि मध्ये नांगा. मी आणखी मोठा केला. त्याच्या डाव्या अंगाला एक रोप, उजव्या अंगाला एक, आणि वरच्या ओळीतलं एक त्याच्याकडे झुकलेलं.

"तीन शेजारी आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. उगवण क्षमता तपासून घेतली होती का पेरणीच्या आधी?"

"ते र्‍हाऊ द्या. तुम्ही हसायलाव कामून?"